युनिस आत्याचा हुकूम

युनिस बेलांजर जज झाली ती शिट्टीमुळे.

अमेरिकेतल्या ओजिब्वे आदिवासी जमातीच्या आमच्या स्टोनी पोर्टेज वस्तीत बास्केटबॉल म्हणजे जीव की प्राण. तळं गोठलं की निम्मे पुरुष बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसतात आणि उरलेली वस्ती जुन्या शाळेच्या हॉलमध्ये घसा बसेपर्यंत ओरडत बसते. या हॉलमध्ये युनिसने तरुणपणापासून गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत रेफरीचं काम केलं. बाई ठेंगणी, अंगाने गोल, आवाज बेताचाच. पण तोंडात शिट्टी गेली की तिच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. एकदा शेजारच्या वस्तीशी अंतिम सामना होता. अगदी शेवटी तिच्या सख्ख्या बहिणीच्या पोराने समोरच्याला कोपराने ढकललं. बाकी कुणाला दिसलं नव्हतं, युनिसला दिसलं. तिने फाउल दिला आणि आमच्या हातचा सामना गेला. बहीण फिलोमीन हॉलपासून घरापर्यंत बर्फातून तिच्यामागे शिव्या घालत आली.

"अगं, तुझा भाचा आहे तो! भाचा!"

"म्हणून तर नीट दिसला मला," युनिस म्हणाली.

फिलोमीनने पुढचा अख्खा हिवाळा अबोला धरला. फिलोमीनच कशाला, वस्तीतल्या प्रत्येक घराने कधी ना कधी युनिसशी अबोला धरलेला आहे. आमच्यात सगळेच एकमेकांचे कुणीतरी लागतात. त्यामुळे जमातीचं स्वतःचं कोर्ट काढायचं ठरलं तेव्हा पंचमंडळापुढे मोठा पेच पडला, की कुणाचाच नातेवाईक नसलेला जज आणायचा कुठून? शेवटी एक म्हातारा म्हणाला, "तसा मिळणार नाही. पण जिच्यावर सगळे सारखेच चिडलेले आहेत अशी एक बाई आहे." लोक पोट धरून हसले, आणि हसता हसता ठराव मंजूर झाला.

युनिसने ते काम हसण्यावारी नेलं नाही. राज्याच्या राजधानीत जमातींच्या न्यायाधीशांसाठी वर्ग चालायचे, तिथे ती दर उन्हाळ्यात जाऊन बसायची. तिथून आली की कायद्याची पुस्तकं मोटारीच्या मागच्या सीटवर, मासे ठेवायच्या डब्याशेजारी पडलेली असायची. कोर्ट म्हणजे जुन्या दवाखान्याची मागची खोली. पलीकडच्या खोलीत म्हाताऱ्या माणसांसाठी जेवण शिजायचं, त्यामुळे साक्षी चालू असताना हरणाच्या मटणाचा वास सुटायचा. दुपारी सुनावणी थांबली की भांडणारे दोन्ही पक्ष त्याच टेबलांवर जेवायला बसत. जेवल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही हा युनिसचा दंडक होता. एखादा वकील म्हणाला, की मी गाडीत सँडविच खाईन, तर ती म्हणायची, "गाडीत खा की. पण आधी इथे जेव."

मग कसिनो आला. रानतांदूळ झोडण्यात आणि मेपलचा पाक आटवण्यात हयात गेलेल्या लोकांना जुगाराचा अड्डा चालवायचा कसा हे कुठून ठाऊक असणार! शहरातली एक कंपनी म्हणाली, आम्ही चालवतो. सात वर्षं चालवू, तुमच्या पोराबाळांना धंदा शिकवू, आणि मग किल्ल्या तुमच्या हातात देऊन चालते होऊ. करारात असंही लिहिलं होतं, की भांडण झालंच तर ते जमातीच्या कोर्टात तोडायचं. सही करताना कंपनीवाले त्या ओळीला मनातल्या मनात हसले असतील. आमच्या पोरांना त्यांनी काय शिकवलं, तर गालिचे झाडायला आणि पाहुण्यांना कॉफी द्यायला. सात वर्षं संपली तरी कंपनी उठेना. छप्पर आम्ही नवं घातलं, त्यापोटी आमची मुदत आपोआप वाढली, असं त्यांचं म्हणणं. वर नफ्यातला जमातीचा हिस्सा देणं बंद करून तो पुलापलीकडे एल्डन गावातल्या बँकेत अडकवून ठेवला.

आमच्या वस्तीची हद्द त्या पुलाशी संपते. पुलाच्या अलीकडे युनिसचा शब्द चालायचा. पलीकडे तिच्या कोर्टाचा कागद म्हणजे मासे गुंडाळायचा कागद. म्हणजे कंपनीविरुद्ध निकाल लागला तरी तो राज्याच्या कोर्टाने आपला म्हणून स्वीकारल्याशिवाय बँक ढिम्म हलणार नव्हती. आणि राज्याच्या कोर्टाने आजवर आमचा एकही निकाल स्वीकारला नव्हता. हा पहिलाच निकाल जाणार होता. तो परत आला असता, तर यापुढे कुठल्याही भांडणात कुठलाही बाहेरचा माणूस आमच्या कोर्टाच्या दारात उभा राहिला नसता. युनिसला ही गोष्ट जितकी टोचत होती तितकी क्वचितच कुणाला टोचत असेल.

आणि नेमकी तिथेच तिच्या हातून चूक झाली.

सुनावणी ठरली होती त्याच आठवड्यात लायमन म्हातारा गेला. लायमन म्हणजे आमच्या ढोलाचा राखणदार; वस्तीतल्या प्रत्येक पोराला त्याने मांडीवर घेऊन गाणी शिकवलेली. असा माणूस गेला की दफनापर्यंत त्याच्यासाठी पेटवलेली आग विझू द्यायची नसते, आणि आग जळते आहे तोवर शाळा, दवाखाना, कोर्ट, सगळं बंद. फक्त कसिनो बंद झाला नाही. कंपनीच्या मॅनेजरला, रस हॅगर्टीला, वरून परवानगी मिळाली नाही. पण रस माणूस म्हणून वाईट नव्हता. दफनानंतरच्या जेवणाला तो भाजलेलं डुकराचं मटण घेऊन आला आणि अवघडून भिंतीशी उभा राहिला.

युनिस रानतांदळाचं सूप वाढत होती. रसच्या वाडग्यात पळी रिकामी करताना ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "रस, कोर्टाची तारीख हुकली बरं का. आता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी, सकाळी."

"बरं, युनिस," रस म्हणाला.

"वकिलांना सांग तुझ्या."

"सांगतो."

आता, आमच्यात अशा जेवणाला, गेलेल्या माणसाच्या पानाशेजारी, सगळ्यांच्या देखत बोललेला शब्द म्हणजे काही गप्पा नव्हेत. अशा ठिकाणी लोकांनी वैरं सोडलेली आहेत, दत्तक मुलं घेतलेली आहेत. युनिसला वाटलं, झालं, कळवलं. लेखी नोटीस पाठवायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

ठरल्या सोमवारी कंपनीकडून कुणीही फिरकलं नाही. कारकून कोरीन, वस्तीतली मोठ्या डोळ्यांची काळजीखोर मुलगी, दाराकडे बघून थकली.

"मावशी, एक फोन करून बघू का त्यांना?"

"कशाला? मी स्वतः सांगितलंय त्याला. वाढता वाढता सांगितलंय."

जेवणाची वेळ टळेपर्यंत वाट पाहून युनिसने जमातीच्या साक्षी ऐकल्या आणि निकाल दिला: कंपनीने कसिनो सोडावा आणि अडकवलेला सगळा हिस्सा परत करावा. वस्तीत ढोल वाजले. पंचमंडळाचा प्रमुख डेल कॅडोट हा युनिसच्या चुलतभावाचा मुलगा. एरवी अतिशय घुम्या माणूस, पण त्या दिवशी त्याने आत्याला उचलून गोल फिरवलं. "सोड रे मेल्या, पाठ धरेल माझी," ती ओरडत होती आणि हसत होती.

निकाल एल्डनच्या कोर्टात गेला आणि कंपनीचे वकील ट्रेव्हर हॅलोरन यांनी त्याच्या चिंधड्या उडवायला घेतल्या. आम्हाला तारीख कळवलीच नाही, कळवली असती तर धावत आलो असतो, हे कोर्ट नव्हे, एका कुटुंबाचं स्वयंपाकघर आहे, वगैरे. रस हॅगर्टीने शपथेवर लिहून दिलं, की तारखेविषयी काही ऐकल्याचं त्याला आठवत नाही.

एल्डनचे जज वॉल्टर स्टेंगल हे कडक, सुकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांना वाटलं असतं तर तिथेच निकाल फेटाळून ते मासे मारायला गेले असते. पण जमातीच्या आणि राज्याच्या जजांनी एका टेबलाशी बसून, दोन्ही पक्षांच्या समोर, उघड बोलावं अशी एक रीत त्या भागात नुकती सुरू झाली होती. स्टेंगलनी युनिसला बोलावणं धाडलं.

जाण्याआधी जमातीची वकील सिल्व्हिया तिला भेटायला आली. सिल्व्हिया दुसऱ्या जमातीतली, शहरात शिकलेली, हुशार आणि घायकुतीला आलेली.

"आत्या, मी काही खोटं बोला म्हणत नाही. ते विचारतील, कळवलं होतं का. तुम्ही म्हणायचं, हो. कळवलंच होतं की नाही?"

"कळवलं होतं."

"ऐकणारे किती होते?"

"अख्खा हॉल."

"मग? 'हो' म्हणायचं आणि गप्प बसायचं. पुढचं मी बघते."

डेल म्हणाला, "मी तीस माणसं उभी करतो साक्षीला. पन्नास करतो. फादर जेरोमसुद्धा होते तिथे, सूपच पीत होते."

युनिसने आपला जजचा काळा झगा इस्त्री करायला घेतला.

एल्डनच्या कोर्टात वस्तीतली माणसं मावेनात. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती खोली आधी पाहिलेली होती, पण आरोपीच्या बाजूने. त्या उंच व्यासपीठावर, स्टेंगलच्या शेजारी, दुसऱ्या खुर्चीत आपली युनिस बसलेली पाहून फिलोमीनने रुमाल काढला. ती बहिणीशी तेव्हा बोलत होती. ते दिवस बोलायचे होते.

हॅलोरन उठले. "मिसेस बेलांजर यांना माझा प्रश्न असा, की..."

"जज बेलांजर," स्टेंगल मान वर न करता म्हणाले. "आणि प्रश्न मी विचारणार आहे. तुम्ही बसा."

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच टाळी वाजवली. स्टेंगल युनिसकडे वळले. "जज बेलांजर, मला एकच गोष्ट हवी आहे. तुमच्या कोर्टाने पुढची तारीख कंपनीला कळवली होती का?"

सिल्व्हियाने श्वास रोखला. हो म्हणायचं होतं. हो खरंही होतं.

"सांगितली होती," युनिस म्हणाली. "लायमनच्या जेवणात, त्यांच्या मॅनेजरला, सगळ्यांसमोर. आमच्यात तेवढं पुरतं."

सिल्व्हियाने श्वास सोडला.

"पण आमच्या कोर्टाच्या नियमात तेवढं पुरत नाही," युनिस पुढे म्हणाली. "नियम म्हणतो, लेखी कळवा. पंचमंडळाने तो केला, मीच तो वाचून दाखवून मंजूर करून घेतला. आणि मी लेखी कळवलं नाही. कोरीन फोन करू का म्हणाली, तर मी तिलाही नको म्हटलं. चूक माझी आहे. जमातीची नाही, कारकुनाची नाही."

हॅलोरनच्या चेहऱ्यावर दिवाळी. रस हॅगर्टी मात्र मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"मग मी या निकालाचं काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?" स्टेंगलनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा मऊ झाला होता.

"काहीच करू नका. मीच तो मागे घेते. खटला पुन्हा ऐकते." मग तिने मान कोर्टाच्या कारकुनाकडे वळवली. "बाई, एक कोरा कागद मिळेल का? आणि पेन."

तिने तिथेच, त्या व्यासपीठावर, नवी तारीख लिहिली, सही केली, खाली उतरली आणि कागद हॅलोरनच्या हातात दिला. "तुम्ही आत्ताच म्हणालात ना, कळवलं असतं तर धावत आलो असतो? या. जेवण आमच्याकडे."

स्टेंगलनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर हात धरला. आता न येणं हॅलोरनना परवडणारं नव्हतं, कारण धावत यायची भाषा त्यांच्याच तोंडची होती. पण हे आमच्या लोकांच्या लक्षात यायला फार वेळ लागला. त्या क्षणी सगळ्यांना एवढंच दिसलं, की जिंकलेला डाव आपल्याच माणसाने उधळून दिला.

परतीच्या वाटेवर डेल स्टिअरिंगवर मूठ आपटत होता. "एक शब्द, आत्या! एक 'हो' म्हणायला काय जात होतं तुझं? खरं होतं ते!"

"अर्धं खरं होतं."

"अर्ध्यावर जग चालतं!"

"चालू दे. गाडी हळू घे, हरणं आडवी येतात इथे."

वस्तीने तिला वाळीत टाकलं नाही, पण त्याच्या जवळपास नेऊन ठेवलं. दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. तिच्या मोटारीच्या काचेवरच्या बर्फात कुणीतरी बोटाने 'कंपनीची जज' असं लिहून ठेवलं. फिलोमीनचा अबोला तर ठरलेलाच. युनिसने यातल्या कशाबद्दलही तक्रार केल्याचं मला माहीत नाही. मोटारीच्या काचेवरचं मात्र तिने पुसलं नाही. बर्फ वितळला तेव्हा ते आपोआप गेलं.

काही दिवसांनी डेल तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपी हातात फिरवत राहिला. युनिसने मासे तळायला घेतले होते. तिने एक तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

"आत्या, तुझी मुदत वसंतात संपते," तो म्हणाला. "मंडळ ती वाढवणार नाही. माझं मत धरून. तुला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून आलो."

"बरं केलंस. मीठ बरोबर आहे का बघ."

"ऐकतेस ना मी काय म्हणतोय?"

"ऐकलं. आधी येऊन सांगितलंस, हे चांगलं केलंस." ती आचेकडे बघत सांगू लागली. "माझ्या धाकट्या भावाचं तुला माहीत नाही. रेमंड. तू जन्माला आला नव्हतास. आई कपडे वाळत घालत होती. शेरीफची गाडी आली. शेरीफच्या हातात एल्डनच्या कोर्टाचा कागद, की हे मूल इथे नीट वाढत नाही, त्याला दुसऱ्या घरी द्यायचं. आई म्हणत राहिली, मला कुणी सांगितलंच नाही. कधी होतं कोर्ट? मी आले असते. चालत आले असते. तर तो म्हणाला, बाई, सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या चर्चच्या पाद्र्याला सांगितलं होतं."

डेलचा घास हातातच राहिला.

"आई मरेपर्यंत तेवढंच म्हणायची. मला कुणी सांगितलं नाही. रेमंडला नेलं याच्यापेक्षासुद्धा ते तिला जास्त लागलं होतं की काय कोण जाणे. आणि मी रसला सांगितलं कुठे? सुपाच्या टेबलाशी. एल्डनला, स्टेंगलच्या शेजारी त्या खुर्चीत बसल्या बसल्या, माझ्या लक्षात आलं, की मी पण तोच कागद काढलाय."

"हे मंडळापुढे का सांगत नाहीस? एकाची छाती होणार नाही तुझ्याविरुद्ध हात वर करायची."

"म्हणूनच नाही सांगत. माझ्या आईची कीव येऊन कुणी मला खुर्चीत ठेवू नये. नियम लिहिलाय, मी तो मोडला, एवढंच कारण पुरे आहे. तू आता खा. गार होतंय."

डेलने खाल्लं. आणि वसंतात त्याने आत्याच्या विरोधातच मत दिलं. लोकांनी निवडून दिलेला माणूस होता, लोक चिडलेले होते. मला त्याचा राग येतो, पण तिला आला नाही.

त्याआधी दुसरी सुनावणी झाली. कंपनीचे वकील या वेळी झुंडीने आले. युनिसने त्यांना बोलू दिलं, तासन् तास बोलू दिलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. दुपारी सगळे जेवले. हॅलोरननी हरणाचं मटण दुसऱ्यांदा मागून घेतलं, हे आमच्याकडे अजून आठवण काढून सांगतात. जेवणानंतर रस हॅगर्टी साक्षीला उभा राहिला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, "युनिस, तू मला सांगितलं होतंस. माझ्या हातात वाडगा होता. मी ऐकलं होतं."

त्याच्या वकिलांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

"माहीत आहे, रस," युनिस म्हणाली. "पण ते आता कामाचं नाही. छपराचं बोल."

छप्पर कंपनीने स्वतःच्या खर्चाने घातलं, हे मात्र खरं निघालं. वादळात जुनं छप्पर उडालं होतं, नवं घालायला मंडळानेच सांगितलं होतं आणि खर्च देऊ म्हटलं होतं. तेवढ्याने मुदत काही वाढत नव्हती, कंपनीने चालतं व्हायचं आणि हिस्सा परत करायचा हे कायम राहिलं. पण छपराचा खर्च त्यातून वजा झाला. झालं! आधी डाव उधळला, आता कंपनीला दक्षिणाही दिली. 'कंपनीची जज' हे नाव पक्कं झालं. या निकालानंतर थोड्याच दिवसांत मंडळाने तिची मुदत संपवली. युनिसने झगा धुऊन, इस्त्री करून कोरीनकडे परत दिला. कोरीन रडायला लागली तेव्हा म्हणाली, "अगं, पुढच्या जजला लांब पडेल तो. दुमड घालून घे."

नवा निकाल पुन्हा एल्डनला गेला. हॅलोरननी अजून एक प्रयत्न करून पाहिला, की ज्या जजला तिच्याच लोकांनी काढून टाकलं तिचा निकाल कसा मानायचा? स्टेंगलनी उत्तर तोंडी दिलं, आणि ते सिल्व्हियाने येऊन आम्हाला सांगितलं. "त्यांनी तिला काढलं ते का, हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले होते, "आणि त्याच कारणासाठी मी तिचा निकाल मान्य करतो आहे." मग त्यांनी खाली सही केली. आमच्या कोर्टाचा निकाल हा आता राज्याच्या कोर्टाचाही निकाल झाला.

शेरीफचा माणूस बँकेत ज्या सकाळी जाणार होता, त्या सकाळी डेलची गाडी युनिसच्या दारात येऊन उभी राहिली. तो उतरला नाही, नुसता भोंगा वाजवला. ती मागच्या दाराशी मासे साफ करत होती. हात पुसत आली आणि काही न विचारता बसली.

एल्डनच्या बँकेत ती दोघं कोपऱ्यातल्या बाकावर बसली. युनिसच्या अंगाला अजून माशांचा वास येत होता. शेरीफचा माणूस तरुण होता, लालबुंद मानेचा, नुकताच नोकरीला लागलेला. त्याने काउंटरवर कागद ठेवला. बँकेच्या साहेबांनी चष्मा लावला, वाचायला लागले आणि थांबले.

"हे... हे पुलापलीकडच्या लोकांचं आहे ना? स्टोनी पोर्टेज?"

"हुकूम आहे," तो तरुण म्हणाला.

"हो, पण कुठल्या कोर्टाचा?"

त्या पोराला आमच्या भांडणाचं काही घेणंदेणं नव्हतं. त्याला सकाळभरात आणखी चार ठिकाणी जायचं असावं. त्याने वैतागून मान हलवली.

"कोर्टाचा, साहेब. कोर्टाचा हुकूम आहे. आता खातं उघडताय, की मी शेरीफना फोन लावू?"

साहेब कागद घेऊन आत गेले.

युनिस बाकावर ताठ बसली होती. माशांचे खवले चिकटलेले हात तिने मांडीवर एकमेकांत घट्ट धरले होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. डेलने आपली टोपी काढली.

"आत्या," तो दबक्या आवाजात म्हणाला, "काय झालं गं?"

"आई असायला हवी होती," युनिस म्हणाली.